ड्रॉप शून्य आला की मी उड्डाण थांबवतो

"सर, लेफ्टला ड्रॉपच नाही!" असं स्टुडंट खुशीत सांगतो, तेव्हा मी त्याला लगेच थ्रॉटल मागे घ्यायला लावतो. बारामतीला सेसना १७२एस या छोट्या विमानावर शिकवताना मी सगळ्यात जास्त हट्ट धरतो तो या चेकसाठी: उड्डाणाआधी इंजिनला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो एकेक करून बंद करायचे आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती उतरतो, म्हणजे ड्रॉप, ते बघायचं.

बाकीचं महत्त्वाचं आहेच. ऑइल ५ क्वार्टच्या खाली असेल तर स्टार्टच नाही. इंजिन लागल्यावर ३० सेकंदांत ऑइल प्रेशर चढताना दिसलं नाही तर लगेच बंद. पावसाळ्यात पेट्रोलच्या टाकीत पाणी असलं तर ते तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या तोटीतून) सँपल काढायचं. मुलं इथे फसतात: कपात सगळंच पाणी आलं तर थर वेगळे दिसत नाहीत, सँपल छान नितळ वाटतं. विमानाचं पेट्रोल, १००एलएल, निळं असतं. रंग बघा, वास घ्या.

आता मॅग्नेटो. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि दोन मॅग्नेटोंकडे त्यातला एकेक. १८०० आरपीएमवर किल्ली एका बाजूला फिरवली की दुसरा मॅग्नेटो बंद होतो, एकाच ठिणगीवर मिश्रण सावकाश जळतं आणि आरपीएम उतरतो. १५० पर्यंत चालतो, दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. त्याहून जास्त उतरला आणि इंजिन थरथरलं, तर बहुतेक वेळा प्लगवर काजळी किंवा शिसं बसलेलं असतं. तो बिघाड निदान स्वतःहून कळतो.

शून्य ड्रॉप मात्र काहीच कळू देत नाही. किल्ली मॅग्नेटो बंद करते ती त्याला एका वायरने ग्राउंड करून. ती वायर तुटली तर किल्ली फिरवूनही मॅग्नेटो ठिणग्या देतच राहतो. त्याला बॅटरीही लागत नाही, नुसता फिरला की पुरे. हवेत याने काही बिघडत नाही. धोका रॅम्पवर, म्हणजे विमान उभं करतात तिथे, आहे: मास्टर स्विच बंद, किल्ली खिशात, आणि कुणीतरी सहज प्रोपेलरचं पातं हाताने फिरवतो. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असेल तर इंजिन उसळी घेऊ शकतं. हात जायला तेवढं पुरतं.

म्हणून ड्रॉप शून्य आला की विमान परत, आणि इंजिनिअरने वायर तपासेपर्यंत पात्याजवळ कुणी नाही. एरवीसुद्धा विमान हलवायचं असेल तर टो-बार (पुढच्या चाकाला लावून ओढायचा दांडा) लावा. पातं धरून ओढू नका.