एसएम मुख्यमंत्री का झाले नाहीत?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, आणि हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. पुण्याच्या राजकारणावर कुठे बोलायला गेलो की व्याख्यान संपल्यावर कोणीतरी हमखास उभे राहते आणि विचारते की, ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा तडीस नेला ते एस. एम. जोशी त्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री का झाले नाहीत? मुख्यमंत्री राहू द्या, साधे मंत्रीही का झाले नाहीत? विचारणारा कॉलेजातला असेल तर त्याला एसएम हे नाव बहुधा गरवारे महाविद्यालयाजवळच्या पुलामुळे ठाऊक झालेले असते. विचारणारा साठीच्या पुढचा असेल तर उत्तरही तोच देऊन टाकतो: ‘त्यागी माणूस होता हो, सत्तेचा मोह नव्हता.’

मोह नव्हता हे खरेच आहे, पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोणाला एकदा त्यागी म्हटले की त्याच्या राजकारणाकडे राजकारण म्हणून पाहण्याची गरज उरत नाही, आणि पुण्यात ही सोय आपण अनेकांच्या बाबतीत करून घेतलेली आहे. एसएमनी निवडणुका लढवल्या त्या जिंकण्यासाठी लढवल्या. पक्षांची अध्यक्षपदे त्यांनी घेतली, आणि सरकार कोणाचे यावे याच्या वाटाघाटींतही ते बसले. त्यांना सत्तेचे वावडे नव्हते. माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्या कामात ते महाराष्ट्रात सर्वांत तयार होते, ते काम ज्याच्या हातून होते त्याच्याकडे खुर्ची सहसा येत नाही.

ते काम कोणते, हे कळायला 1956 सालात जावे लागते. तोपर्यंतचे आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म 1904 चा, जुन्नरचा. शिक्षण पुण्यात. 1929 च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात सहभाग, मग तुरुंगवास, राष्ट्र सेवा दलाची बांधणी, आणि 1942 मध्ये दाढी वाढवून, इमाम अली हे नाव घेऊन भूमिगत. समाजवादी गटात त्यांच्या बरोबरीचे, काही बाबतींत त्यांच्याहून बुद्धिमान म्हणावेत असे लोक पुष्कळ होते. पण भिन्न मतांच्या माणसांनी ज्यांच्यासमोर आवाज खाली आणावा, असे फारसे नव्हते.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल 1955 च्या ऑक्टोबरात आला आणि त्यात मराठी भाषकांचे एक राज्य नव्हते. नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार झाला. शंकरराव देवांच्या नेतृत्वाखालची संयुक्त महाराष्ट्र परिषद प्रामुख्याने काँग्रेसजनांच्या बळावर चाललेली होती. आपल्याच पक्षश्रेष्ठींपुढे तिचे पाऊल अडखळू लागले, तेव्हा 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. कॉम्रेड डांगे अध्यक्ष झाले, डॉ. नरवणे उपाध्यक्ष, आणि एसएम सरचिटणीस. सभा अध्यक्ष गाजवतो आणि भांडणे सरचिटणीस मिटवतो, ही वाटणी कोणत्याही मराठी संस्थेत काम केलेल्याला समजावून सांगावी लागणार नाही.

भांडणे मिटवण्याजोगी होती का, हाच खरे तर प्रश्न होता. समितीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, बाबासाहेब आंबेडकरांचे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन होते, हिंदुमहासभा होती आणि जनसंघही होता. एरवी यांतले कोणतेही दोन पक्ष एका मांडवात बसले नसते. गोवा मुक्तीच्या आंदोलनात यांतल्या काहींनी पुण्यात एकत्र काम केले होते, त्यामुळे तोंडओळखीच्या पलीकडचा थोडा विश्वास होता, एवढीच पुंजी. तिच्यावर 1957 ची निवडणूक लढवायची होती आणि प्रत्येक मतदारसंघात काँग्रेससमोर समितीचा एकच उमेदवार उभा राहील असे पाहायचे होते. म्हणजे काय करायचे होते, याची कल्पना करून पाहावी. एखाद्या तालुक्यात वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्त्याला सांगायचे की, ही जागा दुसऱ्या पक्षाला सुटली आहे. तू आता त्याच्या उमेदवारासाठी फीर. मतदाराला सांगायचे की इथे झोपडीच्या पेटीत मत टाक, शेजारच्या मतदारसंघातल्या तुझ्या बहिणीला विळा-कणसाच्या पेटीत टाकायला सांग, पलीकडे हत्ती आहे आणि आणखी कुठे जनसंघाची पणती. पण हे सगळे एकच आहे. पुढाऱ्याच्या शब्दावर विश्वास असल्याशिवाय लोक हे ऐकत नाहीत. तो विश्वास कसा होता याची एक खूण इतिहासात राहून गेली आहे: 5 डिसेंबर 1956 च्या रात्री, आयुष्यातल्या शेवटच्या रात्री, बाबासाहेबांनी जी टंकलिखिते मागवून घेतली त्यांत स्थापन होऊ घातलेल्या रिपब्लिकन पक्षासंबंधी आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे होती.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. पुण्यातून नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगिळांसारख्या मातब्बराला हरवले. एसएम शुक्रवार पेठेतून विधानसभेत गेले. समाजवाद्यांना ज्यांच्याशी एरवी एक वाक्य सरळ बोलता आले नसते त्या हिंदुमहासभेचे जयंतराव टिळकही निवडून आले. मुंबईत डांगे, नाशकात दादासाहेब गायकवाड, कोकणात नाथ पै. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात थोडक्यात बचावले.

आणि तरीही सरकार काँग्रेसचेच आले. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. ते राज्य मराठी आणि गुजराती असे द्विभाषिक होते. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोपवले तरी गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर काँग्रेसचे बहुमत टिकले. म्हणजे ज्या मागणीसाठी समिती लढत होती ती मान्य झालेली नसल्यामुळेच समिती सत्तेत येऊ शकत नव्हती. मागणी मान्य करण्याचा अधिकार दिल्लीकडे होता, आणि दिल्लीला ती पटवून देऊ शकेल असा मराठी माणूस काँग्रेसमध्येच असणार होता. समितीने काँग्रेसची झोप उडवली, आणि त्या जागरणाचा उपयोग यशवंतरावांनी दिल्लीत केला. मंगलकलश त्यांच्या हातात गेला याबद्दल आजही काही जुने समितीवाले चडफडतात. मला त्यात अन्याय दिसत नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. 30 नोव्हेंबर 1957 रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला पंडित नेहरू येणार होते. समितीने निदर्शने जाहीर केली. महाराष्ट्रात तेव्हा वातावरण काय होते? मुंबईतल्या गोळीबारांना जेमतेम दोन वर्षे होत होती, हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेलेला होता, ‘मराठा’ दैनिकातून अत्र्यांची तोफ रोज धडाडत होती. वाईहून पसरणीच्या घाटाने वर जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर हजारो माणसे काळे झेंडे घेऊन उभी राहिली. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या घाटात पंतप्रधानांची गाडी हाताच्या अंतरावरून जाते, तेव्हा एक दगड पुरतो. त्यानंतर काय झाले असते ते सांगायला नको: संयुक्त महाराष्ट्राची मागणी गुंडांची मागणी ठरली असती आणि पुढची दहा वर्षे तिचे नाव काढता आले नसते. तो दगड पडला नाही. घोषणा झाल्या, झेंडे दाखवले गेले आणि गाडी पुढे गेली. लोकांना चेतवणारे वक्ते समितीत भरपूर होते. चेतलेल्या माणसांना हात खाली ठेवायला लावणे हे अवघड काम होते, आणि ते एसएम आणि त्यांच्यासारख्या थोड्यांचे होते.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि समितीचा पाया काढून घेतला गेला. सहा पक्षांना बांधून ठेवणारी मागणी पुरी झाली होती. बेळगाव-कारवारचा प्रश्न उरला होता, पण मुंबई-पुण्यातल्या मतदाराला बांधून ठेवण्याइतके बळ त्यात नव्हते. प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला. कम्युनिस्टांबरोबर राहणे त्या पक्षातल्या अनेकांना आधीपासूनच खुपत होते. तिकडे यशवंतरावांचे बेरजेचे राजकारण सुरू झाले होते. बेरीज एसएमनीही केली होती. पण ती पक्षांची होती, आणि प्रत्येक पक्ष आपापल्या जागी शाबूत ठेवून केलेली होती. यशवंतरावांनी माणसांची बेरीज केली. ज्यांनी जेध्यांच्या बरोबरीने शेतकरी कामगार पक्ष उभा केला ते शंकरराव मोरे 1962 मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून पुण्यात उभे राहिले आणि त्यांनी नानासाहेब गोऱ्यांची लोकसभेची जागा घेतली. जेधे त्याआधीच, 1959 मध्ये, वारले होते.

त्या निवडणुकीत शुक्रवार पेठेनेही एसएमना विधानसभेत पाठवले नाही. हे कृतघ्नपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मला मात्र आमच्या आईचे म्हणणे आठवते. तिने 1957 मध्ये समितीला मत दिले होते आणि 1962 मध्ये काँग्रेसला. मी मोठा झाल्यावर एकदा तावातावाने तिला जाब विचारला, तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘समितीला मत दिलं ते महाराष्ट्रासाठी. महाराष्ट्र झाला. पानशेतनंतर मामा बिऱ्हाडासकट आपल्याकडे राहत होता, त्याला घर कोण देणार होतं ते बघायचं का नाही?’ या बोलण्याला उत्तर नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि सात-आठ महिन्यांनी मतदान झाले. पुण्यापुढचा प्रश्न तेव्हा चुन्या-विटांचा होता. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी सरकारने पाठवलेले स. गो. बर्वे हे आयसीएस अधिकारी नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यातूनच काँग्रेसतर्फे निवडून आले आणि मंत्रीही झाले. मंत्रिपद कोणत्या कामातून मिळते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचे नाही.

पुढची वर्षे भरभर सांगता येतील. संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद, 1967 मध्ये पुण्यातून लोकसभा, आणि 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत ती जागा मोहन धारियांकडे. संरक्षण कामगारांच्या देशव्यापी फेडरेशनचे ते अध्यक्ष होते आणि खडकी-देहूरोडच्या कारखान्यांत त्यांचा शब्द चालत असे. तिथेही काम तेच: वेगवेगळ्या रंगांच्या संघटना एका मागणीपत्रावर आणायच्या.

मग 1978 आले. जनता पक्षाने महाराष्ट्र विधानसभेत 99 जागा मिळवल्या. एवढ्या दुसऱ्या कोणालाच नव्हत्या. फुटीनंतरच्या दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचे सरकार बनवले, आणि जुलैत शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले. पवारांकडचे आमदार जनता पक्षाच्या निम्मेही नव्हते. तरी 18 जुलै 1978 रोजी पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री पवार झाले, आणि त्याला राज्यातल्या जनता पक्षाच्या वतीने मान्यता देण्यात एसएमचा मोठा वाटा होता. समाजवादी, जनसंघीय, शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेसमधून फुटलेले, अशी पुन्हा एकदा न जुळणारी मंडळी जुळवायची होती. तिथे जनता पक्षातल्याच एका घटकाचा माणूस पुढे केला असता तर दुसरा घटक बिथरला असता. बाहेरचा तरुण मुख्यमंत्री हा सर्वांना कमी नापसंत होता. हा निर्णय व्यवहारी होता, आणि त्याला त्याग म्हणणे एसएमच्या हुशारीवर अन्याय करणारे आहे.

एवढे सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बरे, झाले असते तर कसे मुख्यमंत्री झाले असते? माझ्या उत्तराने काही श्रोते नाराज होतात. पुलोद सरकार आल्यावर नवव्या दिवशी, 27 जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. सरकारने अंमलबजावणी लांबणीवर टाकली. एसएम मात्र नामांतराच्या बाजूने उभे राहिले, मराठवाड्यात गेले आणि लोकांचा राग त्यांनी अंगावर घेतला. नामांतर प्रत्यक्षात आले ते 14 जानेवारी 1994 रोजी, आणि तेही नामविस्तार म्हणून. मुख्यमंत्र्याला ठराव थांबवता यावा लागतो. सत्तेच्या वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या एसएमना तो थांबवण्याचे कारण नव्हते, आणि खुर्चीवर बसले असते तरी त्यांनी तो थांबवला असता असे मला वाटत नाही. पवारांचे सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले ते दिल्लीत इंदिरा गांधी परत आल्यामुळे. एसएमचे सरकार असते तर दिल्लीला तेवढी तसदी घ्यावी लागली नसती. ते नामांतरावरूनच, आतल्याच लोकांनी, वर्षभरात पाडले असते.