जिल्हा निवडला की तालुके यावेत, एवढंच हवं होतं

आमच्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचे अर्ज सहा जिल्ह्यांतून येतात. नोंदी एक्सेलमध्ये, इंग्रजीत, टाइप करणारे तिघं. महिनाअखेरीला गावागणिक गोषवारा काढायला पिव्हट टेबल लावलं, तर एकट्या कराडच्या चार ओळी! कुणी कराड लिहिलेलं, कुणी कऱ्हाड, कुणी मध्ये 'ए' दोनदा ठोकलेला. चौथ्यात सगळं बरोबर, पण शेवटी एक स्पेस. ती स्पेस सापडेपर्यंत माझा चहा गार झाला. म्हटलं, हातानं टाइप करणंच बंद.

जिल्ह्यांची यादी सोपी. डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणारी सोय), त्यात लिस्ट, झालं. पण सातारा निवडल्यावर त्याचे 11 तालुके दिसायला हवेत, सिंधुदुर्ग निवडल्यावर 8. त्यासाठी वेगळ्या शीटवर वरच्या ओळीत जिल्हे आणि ज्याच्या त्याच्या खाली तालुके लिहिले. प्रत्येक कॉलम निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ3 दाबलं, 'टॉप रो'वर टिक केली. तालुक्यांच्या रेंजला, म्हणजे त्या सेलच्या पट्ट्याला, जिल्ह्याचं नाव मिळालं. मग तालुक्याच्या सेलला लिस्ट लावताना सोर्समध्ये इनडायरेक्ट फंक्शन, कंसात शेजारचा जिल्ह्याचा सेल. सेलमध्ये जे नाव असेल, त्या नावाची रेंज ते उचलतं.

पहिल्या ओळीत चाललं. खाली ओढलं, तर कोल्हापूरसमोरही जावळी, पाटण, वाई! सोर्स भरताना सेलवर क्लिक केलं की एक्सेल पत्त्यात दोन डॉलर घालतं आणि खाली ओढलं तरी पत्ता तोच राहतो, तिकडे माझं लक्षच नव्हतं. आकड्याआधीचा डॉलर काढला.

मग छत्रपती संभाजीनगर अडलं. बाण दिसतोय, यादी उघडत नाही. रेंजच्या नावात स्पेस चालत नाही म्हणून एक्सेलनं तिथं मुकाट अंडरस्कोर घातलेला, सेलमध्ये मात्र स्पेसच. इनडायरेक्टच्या आत अक्षरं बदलणारं सब्स्टिट्यूट फंक्शन बसवून स्पेसच्या जागी अंडरस्कोर आणला, तेव्हा यादी उघडली.

टाइप करणाऱ्या तिघांतले आमचे काका मात्र आधी तालुका भरतात, जिल्हा मागाहून. जिल्हा रिकामा असताना त्यांनी पुन्हा 'कऱ्हाड' टाइप केलं आणि एक्सेलनं ते बिनतक्रार घेतलं! डेटा व्हॅलिडेशनमधली 'इग्नोर ब्लँक'ची टिक काढल्यावर ते थांबलं.

एक गोष्ट अजून तशीच आहे. तालुका भरून झाल्यावर शेजारचा जिल्हा बदलला, तर जुना तालुका जागचा हलत नाही. सिंधुदुर्गासमोर महाबळेश्वर निवांत बसून राहतं. तो आपोआप पुसायला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिण्याच्या भानगडीत मला पडायचं नव्हतं. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीनुसार सेलला रंग देणारी सोय) काउंटइफ लावून, तालुका त्या जिल्ह्याच्या यादीत नसेल तर असे सेल लाल केलेत. सोमवारी काकांच्या शीटमध्ये तीन लाल होते.