टेबलावर राहिलेली पुस्तकं

नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आपल्यासारख्या खेड्यातल्या कॉलेजात ग्रंथपालानं संशोधन करायचं तरी कशावर? आणि वेळ कुठून आणायचा?" कार्यशाळेतल्या चहाच्या वेळात याचं उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. मी आणि आमचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज 'भाऊ' म्हणतं, एवढाच आमचा विभाग. देवघेव म्हणजे पुस्तकं घरी देणं-परत घेणं, दाखल रजिस्टर, बुक बँक, कॉलेजाच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या नॅकच्या फायली, परीक्षेची ड्यूटी. वेळ मिळत नाही ही तुमची तक्रार खरी आहे.

काही वर्षांपूर्वी कपाटं भरली आणि निर्लेखन, म्हणजे न वापरली जाणारी पुस्तकं काढून टाकणं, करायचं ठरलं. पुस्तक घरी देताना ज्यांवर तारखेचा शिक्का मारतो, त्या पुस्तकातल्या चिठ्ठ्या मी बघत गेले. ज्या चिठ्ठीवर पाच वर्षांत एकही शिक्का नाही, ते पुस्तक यादीत. यादी टाइप झाली. प्राचार्यांच्या सहीला पाठवणार, तेवढ्यात भाऊंनी गठ्ठ्यातलं भूगोलाचं एक पुस्तक उचललं. "मॅडम, हे तं मी रोज टेबलावरून उचलून कपाटात ठेवतो. याले कोणी वाचत नाही कसं म्हणता?"

पुस्तक उघडलं. चिठ्ठी कोरी होती. पण महाराष्ट्राच्या नकाशाचं पान हाताळून मऊ पडलेलं, कडा काळवंडलेल्या, आणि आत खूण म्हणून एसटीचं तिकीट.

यादी मी तशीच टेबलाच्या खणात ठेवली. तीन आठवडे वाचन कक्षात पाटी लावली की वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. रोज संध्याकाळी भाऊ टेबलावरची पुस्तकं गोळा करायचे आणि एका वहीत त्या पुस्तकाच्या दाखल क्रमांकापुढे रेघ ओढायचे. चार उभ्या, पाचवी आडवी. रजिस्टरच्या हिशेबानं मेलेली कितीतरी पुस्तकं त्या वहीत रोज जिवंत दिसायला लागली. पोलीस भरती, तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची पुस्तकं त्यात असणार, हे अपेक्षित होतं. पण भूगोलाचं, गृहअर्थशास्त्राचं, मराठी व्याकरणाचं पुस्तक मुली वाचत होत्या, आणि त्या घरी काही नेत नव्हत्या. का, हे एकीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, देवघेव तीनला सुरू होते अन् आमची गाडी अडीचलेच सुटते."

ही वेळ मीच ठरवलेली होती. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. ज्या वाचकाचा वेळ एसटीच्या वेळापत्रकावर चालतो, त्याचा विचार मी केलाच नव्हता. आम्ही देवघेव सकाळी साडेदहाला आणली, आणि निर्लेखनाची यादी नव्यानं केली.

तुम्ही विचारता, कशावर करायचं? यावर. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपण सगळ्यांनी वाचलाय. १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी वाचायला गेली नव्हती. तो आकडा डोक्यात ठेवून मी माझं कपाट बघत होते, आणि शिक्का नाही म्हणजे वाचक नाही असं धरून चालले होते. तिथले निष्कर्ष तिथले. आमच्या वाचन कक्षाचं उत्तर भाऊंच्या वहीतच मिळणार होतं.

आपल्या शास्त्रातली मोठी माणसंही अशीच रोजच्या कामातून पुढे गेलेली आहेत. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांची पाच सूत्रं ग्रंथरूपात आली. ब्रॅडफर्ड लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयात काम करत होते. एखाद्या विषयावरचे लेख कोणकोणत्या नियतकालिकांत विखुरलेले असतात, हे त्यांनी मोजलं, आणि १९३४ साली त्यातून जो नियम मांडला तो आजही शिकवतात. दोघांचाही कच्चा माल त्यांच्या कामातच होता.

याआधीचा माझा एक पेपरही सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण आज तिथेच उभे आहेत. पदोन्नतीसाठी गुण हवे होते. 'माहिती तंत्रज्ञान आणि ग्रंथालये' असा कुठेही बसेल असा विषय घेतला, एका नियतकालिकाला पैसे भरले, आठ दिवसांत पेपर छापून आला. त्यात माझा स्वतःचा एकही प्रश्न नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळेचं सांगायचं तर, एकट्यानं तो निघत नाही. आम्ही आजूबाजूच्या तालुक्यांतले सहा ग्रंथपाल महिन्यातल्या एका शनिवारी आळीपाळीनं एकेका कॉलेजात जमतो. लिहून तयार पेपर कुणी आणायचा नाही. एक प्रश्न आणि एक पानभर मोजणी आणायची, फसलेली असली तरी चालेल. परिचरांनाही बोलवायचं, हा माझा हट्ट आहे. पुस्तक कुठून उचललं जातं आणि कुठे टाकलं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. प्राचार्यांकडे मी एवढंच मागितलं की आठवड्यातून एक तास काउंटर भाऊंकडे आणि मला लिहायला मोकळीक. भाऊंची वही पुढे ठेवल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं.

वाचायला साहित्य नाही, असं मात्र म्हणू नका. विद्यापीठं-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही ऑनलाइन नियतकालिकांची आणि पुस्तकांची योजना कॉलेजांसाठीच आहे, त्याच केंद्राच्या शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. खरी अडचण इंग्रजीची असते, ती मलाही होती. मी पहिला मसुदा मराठीत लिहिते. विचार पक्का झाला की इंग्रजी करायला इंग्रजीचे प्राध्यापक मदत करतात. मात्र प्रश्नच कच्चा असेल तर त्यांना तरी काय दुरुस्त करता येणार?

सध्या आमच्यापुढे कापसाचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते आणि मुली कॉलेजात दिसेनाशा होतात. त्या काळात घरी नेलेल्या पुस्तकांना दंड लागत राहतो, आणि दंडाच्या भीतीनं पुढे त्या पुस्तकच नेत नाहीत, असं मला वाटतं. पण हे नुसतं वाटणं आहे. सहाही कॉलेजांनी या हंगामात परतीच्या तारखा आणि दंडाच्या पावत्या गावनिहाय लिहून ठेवायचं ठरवलंय. तुमच्याकडे धान असेल तर तुमचा हंगाम वेगळा पडेल, आणि तीच नोंद आम्हाला हवी आहे. पुढच्या शनिवारी या, आणि येताना दंडाचं पावतीपुस्तक घेऊन या.