सही जुळत नाही

जेवण झालं की अर्धा तास आडवं व्हायचं आणि फोन चाळायचा, हा माझा नेम. त्यात परवा एक टक्कल समोर आलं. चांगलं मोठं, गुळगुळीत, आणि त्यावर मार्करने केलेली ऐसपैस सही. टक्कल जेसन स्टेसी यांचं. हे बेलारूसची टेनिसपटू आर्यना सबालेंका हिचे फिटनेस प्रशिक्षक. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये प्रत्येक सामन्याआधी ती त्यांच्या डोक्यावर सही करायची, शकुन म्हणून. शकुन लागू पडला. एकही सेट न गमावता बाई जिंकली. ते गृहस्थही कौतुकाने मान खाली घालून उभे. आमच्याकडे कुणी टकलाला नुसता हात लावून बघावा!

मी फोटो मोठा करून सही बघत बसले. टेनिसमधलं मला बेताचंच कळतं, पण सह्यांमधलं कळतं. निदान तशी माझी समजूत आहे. प्रमाणपत्र हातात आलं की टक्के नंतर, आधी खाली उजव्या कोपऱ्यात नजर जाते. नोटेवरच्या गव्हर्नरांची सही बदलली की आमच्या घरात ते पहिल्यांदा मला कळतं. मी ते जाहीर करते. कुणालाही काही वाटत नाही.

हे वेड आठवीतलं. वहीचं शेवटचं पान त्यासाठीच असायचं. आडनावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून अख्ख्या नावाखालून न्यायची आणि तिच्याखाली दोन टिंबं द्यायची. टिंबं कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांच्याशिवाय सही पक्की वाटायची नाही. काही जणी आपल्या नावापुढे वर्गातल्याच कुणाचं तरी आडनाव लावून बघायच्या आणि मग कागद फाटेपर्यंत ते गिरगटून टाकायच्या. बाबांची सही मात्र साधी होती, मराठीत, वाचता येईल अशी. प्रगतीपुस्तक पुढे केलं की ते आधी वर्तमानपत्राच्या कडेला पेन चालवून बघायचे, मग चष्मा नीट करायचे, आणि सही पुरी होईपर्यंत आईने हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. मला अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनीच बँकेत नेऊन खातं उघडून दिलं. कार्डावर नमुना सही तीनदा करायची होती. मी केली. बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन तिन्ही सह्या निरखल्या. "हीच ठेव आता," म्हणाले.

ठेवायची म्हणजे काय, हे तेव्हा विचारायला हवंसं वाटलं नाही. सही मेंदूत नसतेच मुळी, ती हातात असते. टेनिसमधली सर्व्हिस मला तशी वाटते. बाकीचे सगळे फटके समोरच्याने काय धाडलंय त्यावर ठरतात. सर्व्हिस एकटी स्वतःच्या हातातली. चेंडू दोनचारदा आपटायचा, वर टाकायचा, गुडघ्यात वाकायचं, हात मागे, आणि मारायचा. हजारो वेळा केलेली एकच हालचाल. खेळाडू दुरून ओळखू यावा इतकी ती ज्याची त्याची असते.

आणि ती सबालेंकाच्या हातून गेली. २०२२ चा जानेवारी, अॅडलेड. जगात दुसऱ्या क्रमांकावर होती ती तेव्हा. सहा फुटांच्या आसपास उंची, सर्व्हिसचा दरारा. काया युवानविरुद्धच्या सामन्यात तिने १८ डबल फॉल्ट केले, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवून अठरा गुण फुकट दिले, आणि हरली. पुढच्याच आठवड्यात, त्याच गावात, स्वीडनच्या रेबेका पीटरसनविरुद्ध २१. म्हणजे चार गुणांचा गेम धरला तर पाचाहून जास्त गेम नुसते उचलून देऊन टाकले. चेंडू कधी जाळ्यात, कधी रेषेच्या बाहेर हातभर. तो सामना बघवत नाही. एक चेंडू चुकतो, ती हाताकडे बघते. दुसरा चुकतो, ती आभाळाकडे बघते. शेवटी डोळ्यांत पाणी, आणि मग तिने लहान मुलं बॅडमिंटनला फूल खालून मारतात तशी खालून सर्व्हिस करायला सुरुवात केली.

त्या क्षणी मला आमची आजी आठवली. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की ती डावा अंगठा पुढे करायची. तो निळ्या पॅडवर दाबून कागदावर टेकवायचा, आणि आजी अंगठ्याची शाई केसांना पुसून टाकायची. तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे, कारण तिला सही येतच नव्हती. पण जिला सही येते, जिची सही जगाला पाठ आहे, तिच्यावर भरल्या स्टेडियममध्ये अंगठा द्यायची पाळी यावी? त्यापेक्षा सामना सोडून द्यावा, असं मला वाटलं असतं. तिने सोडला नाही. पुढच्या पंधरवड्यात मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या एका सामन्यात १९ डबल फॉल्ट करूनही ती जिंकली. त्याला काय म्हणायचं, चिवटपणा की हट्ट, ते मला ठरवता येत नाही. हट्टच असावा. वर्षअखेर डबल फॉल्टांचा आकडा चारशेच्या वर गेला होता.

हे असं कसं होतं, ते मला बँकेत कळलं. बाबांनी उघडलेल्या त्या जुन्या खात्याचे काही कागद पुरे करायचे होते. मधल्या काळात माझं लग्न झालेलं, आडनाव बदललेलं, सही इंग्रजीत आणि लपेटेदार झालेली. काउंटरवरच्या मुलाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझी अठराव्या वर्षीची सही. शेपटी, दोन टिंबं, सगळं जागच्या जागी. "मॅडम, अशी करून द्या."

केली. जुळली नाही. पुन्हा केली. शेपटी वळताना हात थबकला, आणि थबकलेली रेघ कागदावर लगेच दिसते. मग मी अक्षरं जपून काढायला लागले, तर ती वहीत कित्ता गिरवल्यासारखी आली. मागे रांग. कुणीतरी घड्याळात बघून उसासा टाकला. मुलगा भला होता. म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, सहज करा." सहज कर म्हटल्यावर आजवर कुणाला सहज करता आलंय? मी माझ्या हाताकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघून अडखळत होता.

सबालेंकालाही हेच सांगणारे शंभर जण भेटले असणार. तिच्याकडे मानसशास्त्रज्ञही होता, त्याला तिने पुढे निरोप दिला. माझं मी बघेन, म्हणाली. फरक पडला तो २०२२ च्या ऑगस्टपासून. गॅव्हिन मॅकमिलन नावाचे बायोमेकॅनिक्सचे, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे, जाणकार आले. त्यांनी मनाबिनाच्या गोष्टी बाजूला ठेवल्या आणि हालचाल सुटी करून तपासली. खांदा कुठे, कोपर कुठे, चेंडू वर जातो तो कुठे जातो. मला हे फार आवडलं. मनातली गाठ सोडवत बसण्यापेक्षा कोपर नीट करा. आमच्याकडे याच्या नेमकं उलटं चालतं, कुणाचा पाय मुरगळला तरी आधी आत्मविश्वास वाढवतात.

वर्ष पालटलं आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच अॅडलेडमध्ये तिने विजेतेपद घेतलं. तिथून मेलबर्न. अंतिम सामना कझाकस्तानच्या रिबाकिनाशी, पहिला सेट गेलेला, तिसऱ्यात ५-४ अशी पुढे, सर्व्हिस हातात, पहिला मॅच पॉइंट, एक गुण मिळाला की सामना खिशात. आणि तिने काय करावं? डबल फॉल्ट. आपल्याकडे शनिवारची दुपार होती. मी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेले, उगाचच ओटा पुसला आणि परत आले. चौथ्या मॅच पॉइंटला संपलं ते. ती पाठीवर पडून रडत होती.

त्या दिवशी पडद्यावर तिच्या नावापुढे झेंडा नव्हता. बेलारूसच्या भूमीवरून रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, आणि मार्च २०२२ पासून दोन्ही देशांच्या खेळाडूंची नावं तशीच, नुसती. २०२२ च्या विम्बल्डनने तर त्यांना खेळूच दिलं नाही. युक्रेनच्या मुली सामन्यानंतर तिच्याशी हात मिळवत नाहीत, आणि त्यांना दोष द्यायची माझी तरी छाती नाही. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडतात त्यांना खिलाडूवृत्ती शिकवायला आपण कोण? पुढे पॅरिसला, २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये, प्रश्नांचा मारा सुरू झाल्यावर सबालेंकाने दोन सामन्यांनंतर नेहमीची पत्रकार परिषदच टाळली. मग आली आणि म्हणाली, मला युद्ध मान्य नाही, म्हणजे आत्ता आमचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोही मान्य नाहीत. 'आत्ता' हा शब्द लोकांनी बरोबर पकडला. पण परत ज्या गावी घर आहे, आई आहे, तिथे जाऊन राहायचं असेल तर माणूस आणखी किती बोलेल, तेही मला कळतं.

मिन्स्कच्या, म्हणजे बेलारूसच्या राजधानीतल्या, मुलींचं आणि नावापुढच्या देशाचं हे त्रांगडं जुनंच आहे. तिथलीच नताशा झ्वेरेवा सोव्हिएत संघाकडून खेळायची. बक्षिसाची रक्कम जायची महासंघाकडे, हिच्या हाती नावाला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेत तिने चेक हातात धरून टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सांगून टाकलं की हे माझे पैसे आहेत आणि मला हवे आहेत. अठराच्या आसपासची होती. त्या काळी हे बोलायला काळीज लागायचं.

सबालेंका तर आपल्या मुंबईतही खेळून गेली आहे. २०१७ चा नोव्हेंबर. महिन्याच्या मध्याला मिन्स्कमध्ये फेड कपचा, म्हणजे महिला टेनिसमधल्या देशादेशांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना होता, बेलारूसविरुद्ध अमेरिका. एकोणीस वर्षांच्या या मुलीने अमेरिकन ओपनची ताजी विजेती स्लोन स्टीफन्स हिला हरवलं. लढत मात्र ३-२ अशी अमेरिकेने नेली, निर्णायक दुहेरीत हीच हरली. आणि तिथून दोन आठवड्यांत ती क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन जिंकून मोकळी. मिन्स्कच्या थंडीतून चर्चगेटच्या घामात. आम्ही त्याच चर्चगेटला उतरून रोज ऑफिस गाठत होतो. कोण आलंय, कोण जिंकतंय, काही पत्ता नाही. सहावीसची बोरिवली मिळाली की जिंकलो.

तेव्हा तिचे वडील होते. सेर्गेई त्यांचं नाव, आईस हॉकी खेळलेले. छोट्या आर्यनाला गाडीतून कुठेतरी नेत असताना त्यांना वाटेत टेनिसची कोर्टं दिसली आणि त्यांनी गाडी थांबवली, इतक्या सहज हे सगळं सुरू झालं. पंचविशीच्या आत मोठ्या स्पर्धा जिंकायच्या, असं बापलेकीचं ठरलं होतं. २०१९ मध्ये ते मेंदूज्वराने गेले. वय ४३. मेलबर्नला ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा पंचवीस पूर्ण व्हायला तीनसाडेतीन महिने बाकी होते. बाबा गेल्यावर आपल्या घराण्याचं नाव टेनिसच्या इतिहासात घालायचं मनावर घेतलं, असं तिनेच सांगितलंय. घातलं तिने. आता ते नाव चषकांवर कोरलेलं आहे आणि अधूनमधून टकलावरही असतं.

माझ्या बाबांचं आडनाव माझ्याकडे फक्त त्या खात्यावर उरलंय. काउंटरवरच्या मुलाने उपाय सांगितला आहे. एक फॉर्म भरायचा, लग्नाचं प्रमाणपत्र जोडायचं, नवीन नाव लागेल, नवीन सही लागेल, जुनी आपोआप रद्द होईल, दोन मिनिटांचं काम. फॉर्म भरून कपाटात ठेवलाय. नवरा रोज विचारतो, दिलास का? देईन की. घाई कसली आहे, खात्यात व्याज धरून असतील अठराएकशे रुपये.