जीपला फाइव्ह स्पीड टाकू का?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. "जुनी जीप आहे, उंच बॉनेटवाली, पेट्रोल इंजिन कधीच काढून डीआय डिझेल बसवलंय, हायवेला सत्तरच्या वर गेलं की नुसती बोंबलते, फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स टाकू का?" पेट्रोल पंपावर विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, परवा एका लग्नात हातात ताट असताना विचारलं. तर आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं उत्तर आधी सांगतो: आधी क्राऊन (मागच्या गोळ्यातलं, चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक, जोडीच्या पिनियनसकट) बदला, गिअरबॉक्सचं नंतर बघू. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण फाइव्ह स्पीड टाकला की नॉबवर पाच आकडे दिसतात, चार लोकांना दाखवता येतात, क्राऊन बदललेला कोणाला दिसणार?

मुळात ही गाडी कशासाठी केली होती ते बघा. विलीजची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ला आली आणि महिंद्रानं पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे बनवली. २.२ लिटरचं पेट्रोल एफ-हेड इंजिन, इनटेक वाल्व वर हेडमध्ये, म्हणून तर बॉनेट एवढं उंच करावं लागलं. सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर, तीसुद्धा ४००० आरपीएमला. मागे तीन गिअरचा टी-९० बॉक्स, पहिला २.८०, दुसरा १.५५, टॉप सरळ एकास एक. आणि अ‍ॅक्सलमध्ये ५.३८, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत आठ-त्रेचाळीस, पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३. शेतात, चिखलात, ट्रेलर ओढत चालायची गाडी, तिला एवढा खालचा रेशो (आकडा मोठा, चाल हळू पण ओढ जास्त) हवाच होता.

आता त्यात डीआय बसवलं. २५२३ सीसी, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन, खालून ओढतं मस्त पण ३२०० च्या आसपास त्याचा दम संपतो. गणित करून बघा, अवघड नाही. टायरवर खडूने खूण करा, माणसं बसवून गाडी एक फेरा ढकला आणि टेपने अंतर मोजा, ६.००-१६ च्या टायरला साधारण २.२ मीटर भरतं. ८० च्या स्पीडला गाडी मिनिटाला १३३३ मीटर जाते, भागिले २.२, म्हणजे चाक मिनिटाला ६०६ वेळा फिरतं. गुणिले ५.३८ केलं की टॉपमध्ये इंजिन आलं ३२५० वर. पेट्रोलला हे चालायचं, ते ४००० पर्यंत जायचं. डीआयला ८० म्हणजे भिंत. बोंबलते ती इंजिनाची चूक नाही, इंजिन आणि क्राऊन एकमेकांसाठी बनलेलेच नाहीत.

(तुमच्या गाडीत आठ-त्रेचाळीसच आहे हे आधी खात्री करून घ्या, कारण पन्नास वर्षांत कोणी काय टाकलंय सांगता येत नाही. मागची दोन्ही चाकं उचला, प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याला, खूण करा, दोन्ही चाकं सोबत एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. एकच चाक उचललंत तर डिफ्रन्शियलमुळे ते दुप्पट फिरतं आणि मग लोक मला फोन करतात की माझा रेशो २.६९ आहे.)

आता दोन रस्ते. एक, ५.३८ तसाच ठेवून फाइव्ह स्पीड टाकायचा. पाचवा ०.८ धरा, तर ५.३८ गुणिले ०.८ म्हणजे ४.३०. दोन, बॉक्सचा टॉप सरळच ठेवायचा आणि अ‍ॅक्सलमध्ये ४.२७ टाकायचा, अकरा-सत्तेचाळीस. इंजिनाला दोन्हीत फरक कळतच नाही, ८० ला २६०० आरपीएम, तिकडेही तेवढेच आणि इकडेही तेवढेच. मग लोक म्हणतात सारखंच आहे तर पाच गिअर का नको?

कारण इंजिनाच्या मागे पण गाडी आहे ना. पहिल्या रस्त्याने गेलात तर इंजिन शांत झालं, पण प्रोपेलर शाफ्ट अजून ३२५० नेच फिरतोय, दुसऱ्यात तो २६०० ला येतो. जीपचा मागचा शाफ्ट आधीच हातभर, सीजे-३बीचा व्हीलबेसच ८० इंच, त्यात तो तिरका, क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला) जरा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की सगळी गाडी थरथरते. आणि ट्रान्सफर केस, गिअरबॉक्सच्या मागचा, पुढच्या-मागच्या चाकांना पॉवर वाटणारा डबा! या जीपमधल्या डाना-१८ मध्ये मागची पॉवर सरळ आरपार जात नाही, हाय रेंजमध्येसुद्धा ती दातांवरूनच खाली उतरते, त्यामुळे तो जो घूं आवाज येतो ना, ज्याला लोक गिअरबॉक्स गेला समजतात, तो बॉक्सच्या आउटपुटच्या स्पीडवर अवलंबून असतो. फाइव्ह स्पीड टाकून ८० ला तो आवाज तसाच राहतो. खर्च करून, चेसिसचा क्रॉस मेंबर कापून, शाफ्ट कमी करून, शेवटी गाडीत बसून ओरडूनच बोलायचं.

शाफ्ट कमी करून वरून आठवलं, फाइव्ह स्पीड बॉक्स लांब असतो, आखूड चेसिसच्या जीपमध्ये तो बसवला की ट्रान्सफर केस मागे सरकते आणि मागचा शाफ्ट आणखी आखूड, आणखी तिरका होतो. लांब चेसिसवाल्यांनी पाच गिअरचा विचार करावा, ८० इंचवाल्यांनी माझ्या मते टॉप सरळ असलेल्या चार गिअरच्या डिझेल बॉक्सवर समाधान मानावं.

मग लगेच दुसरी भीती, क्राऊन बदलला तर चढाला गाडी ओढेल का? रास्त प्रश्न, पण इथे गिअरबॉक्स कामाला येतो. टी-९० चा पहिला २.८० गुणिले ५.३८ म्हणजे १५. ट्रान्सफर केसची लो रेंज २.४६, म्हणजे सगळ्यात हळू चालायला ३७. आता डिझेलच्या चांगल्या बॉक्सचा पहिला ३.८ च्या घरात धरला (तुमच्या बॉक्सचा खरा आकडा मोजून घ्या), तर ४.२७ सोबत १६ येतो, लो मध्ये ४०. म्हणजे क्राऊन वर नेऊनही पहिला गिअर होता त्यापेक्षा खालीच आहे! आणि तोच बॉक्स ५.३८ सोबत ठेवलात तर पहिला होतो २०, सिग्नलला गाडी हलली न हलली की दुसरा टाकायचा, तो पहिला फक्त शोभेला. गिअरबॉक्स आणि क्राऊन वेगवेगळे निवडायचेच नसतात, खालचं टोक बॉक्सच्या पहिल्याने सांभाळायचं आणि वरचं टोक क्राऊनने.

माझ्या लांब चेसिसच्या गाडीत ४.२७ आणि पाच गिअर आहेत. ८० ला पाचव्यात दोन हजारांच्या थोडं वर. कराड-सातारा पट्ट्यात पाचवा छान लागतो, खंबाटकी आला की तिसरा, ताम्हिणीत तर पाचव्याची आठवणसुद्धा येत नाही. काही जण त्याही पुढे जातात, ३.७३ टाकतात, अकरा-एक्केचाळीस. पाचव्यात ८० ला १८०० आरपीएम, कागदावर अ‍ॅव्हरेज भारी दिसतं. पण जीप म्हणजे हवेत उभं धरलेलं कपाट, जरा उलटा वारा किंवा पुलाचा चढ आला की चौथ्यात यावं लागतं, मग तो पाचवा कशाला घेतला? शिवाय मागच्या डाना-४४ मध्ये ३.७३ आणि त्याहून लहान आकड्याच्या रेशोंना डिफ्रन्शियलची केस वेगळी लागते, ३.९२ आणि मोठ्या आकड्यांना वेगळी. म्हणजे ५.३८ वरून ४.२७ ला जाताना तुमची जुनी केस चालते, ३.७३ ला नाही. हे दुकानदार सांगेलच असं नाही.

पेट्रोल इंजिन अजून जागेवर असेल तर मात्र काही करू नका. टी-९० सोबत ४.२७ टाकलात तर पहिला १२ वर येतो, चढावर गाडी उचलताना क्लच जळल्याचा वास येईल, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर आधीच एवढं मोठं की घाटात ना दुसरा धड ना तिसरा. ते इंजिन आणि तो क्राऊन एकत्र जन्मलेत, त्यांना सुखाने राहू द्या. आणि साठ-पासष्टला चालवा.

फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा क्राऊन दोन्ही बदलायचे, सोबत, एकच रेशो. "आत्ता मागचा करतो, पुढचा दिवाळीनंतर" म्हणणारे भेटतात, तोपर्यंत फोर बाय फोर चुकूनही टाकू नका, पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरायला लागली की ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि काहीतरी तुटतंच. आणि कोणी म्हणालं की अमुक पिकअपचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल बसवून देतो, स्वस्तात, तर आधी खाली वाकून बघा. जीपच्या अ‍ॅक्सलचा गोळा (डिफ्रन्शियलचा फुगवटा) मधोमध नसतो, ट्रान्सफर केसच्या रेषेत एका बाजूला असतो. मधोमध गोळ्याचा अ‍ॅक्सल लावला की शाफ्ट आडव्या दिशेनेही तिरका होतो.

फिटर निवडताना एकच बघा, तो शिम (पातळ चकत्या) टाकून, दातांना रंग लावून ठसा बघतो का. नुसतं हाताने हलवून "प्ले बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे नवा क्राऊन देऊ नका, महिन्याभरात रडायला लागतो. इंजिन आरसीवर चढलेलं नसेल तर ते काम या सगळ्याच्या आधी. २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आरसीच्या नोंदी आणि गाडी न जुळणं महागात पडू शकतं.

आणि एक जे कोणी विचारत नाही. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, त्याला क्राऊन बदलल्याचं कळत नाही. ४.२७ टाकल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ७५ ला असाल. मूळ सीजे-३बीचे ब्रेक ९ इंची ड्रम, तेही साठ-सत्तरच्या जमान्यातल्या रस्त्यांसाठी. तेव्हा क्राऊनचे पैसे द्यायच्या आधी चारही ड्रम उघडून बघा, ते जमत नसेल तर गाडी बोंबलतेय तेच बरं आहे.