आमची वाटचाल : जास्तीच्या जॉबचे वीस रुपये

2009 साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, लेथवर आम्ही सुरुवात केली. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं मशिनिंग, त्यातही मुख्यतः बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो भाग. असा एकेक भाग म्हणजे आमच्या भाषेत एक जॉब. पहिली काही वर्षं इन्सेंटिव्ह हा शब्दही आमच्याकडे नव्हता. दिवाळीला बोनस, मिठाईचा बॉक्स, अडीनडीला उचल. पुढं मशीन आठ झाली, माणसं सव्वीस झाली, आणि मी शेडमध्ये नसलो की जॉब कमी निघतात असं मला वाटू लागलं. निघतही होते.

बोनस मी दरवर्षी खूश होऊन दिल्यासारखा द्यायचो. पगारपत्रक बघणाऱ्या सल्लागारांनी जमिनीवर आणलं. आमच्याएवढ्या कारखान्याला तेव्हा 1965 चा बोनस कायदा लागू होता, आणि तोटा झाला तरी किमान 8.33 टक्के द्यावेच लागत होते. म्हणजे ते माझं बक्षीस नव्हतं, त्यांचा हक्क होता. बक्षीस द्यायचं तर वेगळं काढायला हवं होतं.

म्हणून काढलं. टार्गेटच्या वर प्रत्येक जॉबला ऑपरेटरला वीस रुपये. पहिल्या महिन्यात उत्पादन असं उसळलं की मी घरी पेढे नेले. दुसऱ्या महिन्यात इन्सर्टचं, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्यांचं, बिल आलं. कापायचा वेग ठरवणारं फीडचं बटण शंभर टक्क्यांवरून एकशेवीसवर गेलं होतं, झिजलेला इन्सर्ट बदलायला कोणी थांबत नव्हतं, कारण थांबलं की दोन जॉब बुडतात. बोअरला, म्हणजे जॉबमधल्या गोल भोकाला, टेपर येऊ लागला, ते एका टोकाला निमुळतं होऊ लागलं. प्लग गेज लावून त्या भोकाचं माप तपासणाऱ्या पोराशी रोज भांडणं. सोपे जॉब आपल्या पाळीत यावेत म्हणून रात्रपाळी आणि दिवसपाळीत वशिलेबाजी. सेटरला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून देणाऱ्याला, तर काहीच मिळत नव्हतं, तो सेटिंगला मुद्दाम वेळ लावायचा. शेवटी एका ग्राहकाकडून 340 जॉबचा लॉट परत आला. आकडा मीच मागितला होता, ऑपरेटरांनी आकडाच दिला.

हजेरी भत्त्याचं तर हसूच झालं. महिनाभर एकही खाडा नाही तर हजार रुपये. आमची निम्मी माणसं आसपासच्या गावांतली, घरी थोडा ऊस, थोडं भात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रोप लावणीच्या दिवसांत कुणाला थांबवणार? एकानं तीन तारखेला खाडा केला आणि मग सलग चार दिवस आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "मालक, हजार गेलंच हाईत, मग म्हटलं रानातलं काम उरकूनच घ्यावं." बरोबर होतं त्याचं. चूक माझ्या नियमात होती. आता टप्पे आहेत, एका खाड्याला दोनशे कमी होतात, आणि लावणीची रजा आधी सांगितली तर खाडा धरत नाही.

जॉबचे वीस रुपये बंद केले तेव्हा मात्र दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले. ते मला अजून टोचतं. दिलेलं काढून घेणं वेगळंच दुखतं.

त्यानंतर सगळ्यांचा मिळून एकच गल्ला केला. महिन्यात ग्राहकानं स्वीकारलेले जॉब मोजायचे, ठरलेल्या किमान आकड्याच्या वर जे निघतील त्यांची कमाई धरायची, त्यातून रिजेक्शन आणि जास्तीच्या इन्सर्टचा खर्च वजा. उरलं त्यातलं निम्मं कंपनीचं, निम्मं सव्वीस जणांचं, हेल्पर आणि गेजवाल्या पोरासकट. अमेरिकेत 1930 च्या दशकात जोसेफ स्कॅनलन नावाच्या पोलाद कामगारांच्या पुढाऱ्यानं अशीच काही पद्धत बसवली होती, हे मला फार नंतर कळलं. हिशेब हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर, वजाबाकीसकट. पहिल्या महिन्यात माणशी 420 रुपये आले. पोरं हसली. एक मामा म्हणाले, "दिलंत हे खरं, पण कसं आलं ते कळलं, हे बरं झालं."

त्या फळ्यामुळेच बहुधा, एका हेल्परनं मला थांबवलं. "पिनाखाली चिपा बसत्यात ओ मालक, म्हणून जॉब वाकडा बसतोय. हवेची पायपी हितंच लावा की." जॉब ज्या पिनांवर टेकतो तिथं चिपा, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, अडकत होता. तीनशे रुपयांत काम झालं आणि त्या जॉबचं रिजेक्शन जवळपास थांबलं. त्याच दिवशी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्याला पाचशे दिले. महिन्याचा उत्कृष्ट कामगार म्हणून फोटो लावायची माझी आधीची योजना आठवली की आता लाज वाटते. तिसऱ्याच महिन्यात फोटोला मिशा काढल्या होत्या.

भांडणं संपली असं नाही. सेटर म्हणतो, माझा वाटा हेल्परइतकाच कसा? रात्रपाळीच्या चुकीनं आमचे पैसे का कापता, हे दिवसपाळीचं. गेल्या महिन्यात कास्टिंगच उशिरा आलं, गल्ल्यात काही उरलं नाही. फळ्यावर शून्य लिहिलं, खाली कारण लिहिलं. दुपारी बघतो तर शून्याशेजारी कुणीतरी मार्करनं चहाचा कप काढून ठेवला होता. त्या दिवशीचा चहा मी पाजला. सेटरशी बोलणं शनिवारी ठरलंय.