जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन: पुढं चित्रं, मागं भट्टी

भाची अकरावीत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही झाल्यात, हात चांगला आहे, आणि घरात रोज एकच चर्चा: पेंटिंग की कमर्शियल? मी शाळेत चित्रकला शिकवते, तरी माझ्याही तोंडून हेच दोन पर्याय निघायचे. म्हणून यंदा तिला घेऊन मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेले.

पुण्याहून सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन सोयीची पडते, साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतरवते. भुयारी मार्गानं रस्ता ओलांडायचा आणि डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्यानं क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेनं चालू लागायचं. टाइम्स ऑफ इंडियाची इमारत मागं पडली की थोड्याच वेळात डाव्या हाताला झाडांनी भरलेलं आवार दिसतं. टॅक्सी अजिबात करू नका. फाटकावर आम्हाला ओळखपत्र विचारलं, वहीत नाव लिहून घेतलं, तेव्हा आधारकार्ड जवळ असू द्या.

संस्था 1857 ची, आताची दगडी इमारत 1878 ची. आत शिरल्यावर उंच छत आणि वरून पडणारा शांत उजेड बघूनच भाची गप्प झाली. गायतोंडे, रझा, तय्यब मेहता हे मोठे चित्रकार इथं शिकले, दादासाहेब फाळकेही इथलेच विद्यार्थी. हे मी तिला सांगत होते, पण तिचं लक्ष एका न्यूड स्टडीतल्या खांद्याच्या रंगाकडं होतं. बरोबरच होतं तिचं.

पेंटिंगच्या वर्गांत गर्दी असते. बहुतेक लोक तिथंच तास-दीड तास घालवतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथून परत फिरू नका. शिल्पकला, सिरॅमिक, मेटल, टेक्स्टाइल, इंटिरिअर हे सगळे विभाग पाय दुखायच्या आधी बघा. आम्ही तर सुरुवातच त्यांच्यापासून करायला हवी होती.

मेटलच्या विभागात एक मुलगा काम करून दाखवत होता. लोखंडी भांड्यात राळ, राळेवर तांब्याचा पत्रा, आणि लहानशा पोगरानं, म्हणजे छिन्नीसारख्या हत्यारानं, एकेक ठोका. मासा होता, त्याचे खवले उठवत होता. पाच-सहा ओळी झाल्यावर त्यानं पत्रा राळेतून सोडवला, लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. ‘चर्र’ असा आवाज झाला. "ठोकून ठोकून तांबं कडक होतं, ताई. मग ते फाटतं. असं तापवून घेतलं की परत मऊ," तो म्हणाला. भाचीच्या हातात पत्रा दिला तेव्हा तो सहज वाकत होता. पुस्तकात मी हे मुलांना चार वेळा वाचून दाखवलंय, पण हातात पत्रा मीही पहिल्यांदाच धरला.

सिरॅमिकमध्ये मांडलेल्या भांड्यांपेक्षा कोपऱ्यातल्या फळीवरच्या चाचणीच्या फरश्या बघा. प्रत्येकीवर खिळ्यानं कोरलेला नंबर, आणि वहीत त्या नंबरासमोर झिलईचं मिश्रण. एकच हिरवा, पण कुठं दुधाळ, कुठं काळपट, कुठं फुटलेला. वही बघू का, असं विचारलं तर मुलं आनंदानं दाखवतात. चार वर्षं काय शिकायचंय हे त्या वहीतून जितकं कळतं, तितकं माहितीपत्रकातून कळत नाही.

अप्लाइड आर्ट, म्हणजे आमच्या घरातल्या चर्चेतलं ‘कमर्शियल’, त्याच आवारात पण वेगळं आहे, त्याचं प्रदर्शन त्याच दिवसांत असेलच असं धरून चालू नका. दुपारी व्यक्तिचित्रणाचं प्रात्यक्षिक होतं. असं काही असेल तर अर्धा तास आधी जागा धरा, कारण मागून फक्त डोकी दिसतात. पहिला पाऊण तास चित्रकारानं डोळे काढलेच नाहीत, नुसते उजेड-सावलीचे मोठे भाग लावत होता. माझ्या वर्गातली मुलं पापण्यांपासून सुरुवात करतात, त्यांना सांगायला हे पुरेसं आहे.

तारखांचं मात्र नीट बघा. गेल्या वर्षी आम्ही शेवटच्या दिवशी, तेही दुपार टळल्यावर पोचलो होतो. भिंतीवर खिळे आणि नावांच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या, मुलं कॅनव्हास टेम्पोत चढवत होती. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि कामाचा दिवस निवडा, म्हणजे शिक्षकही भेटतात. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीचेच वाचा. 2023 मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळं पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्यांनी सांगितलेलं सगळं आता लागू असेलच असं नाही.

वेळ उरला तर समोर क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर मान वर करून बघा. तिथली दगडी उठावशिल्पं जे. जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची आहेत. त्यांचा मुलगा रुडयार्ड, ‘जंगल बुक’चा लेखक, जे. जे.च्या आवारातच 1865 मध्ये जन्मला.

परतीची क्वीन 5:10 ला सुटते. कर्जत गेलं तरी भाची काही बोलली नव्हती. मग विचारलंन, "मावशी, तांबं सारखं तापवत राहिलं तर शेवटी काय होतं गं?" मला सांगता आलं नाही. तिनं स्केचबुकात माशाशेजारी प्रश्न लिहून ठेवलाय, पुढच्या खेपेला त्या मुलाला विचारायला.